नळ्या स्वच्छ आहेत

"काकू, खाली बघू नका. समोर भिंतीकडं बघा आणि चालत राहा," तपासणी करणारी अफसाना म्हणाली.

गुणमालाने मान वर केली, पण डोळे पुन्हा पायांकडेच गेले. पायांत नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट होते, पुढे चिंधीचा बोळा कोंबलेले. कमरेला मुलीची जुनी सलवार. वर दवाखान्याचा हिरवा झगा, आणि झग्याच्या आत छातीवर चिकटवलेल्या चकत्या नि त्यांतून निघालेल्या वायरी. पायांखालचा काळा पट्टा सारखा मागे सरकत होता. पट्टा तिला नवा नव्हता. कवठे महांकाळच्या अलीकडच्या गावात तिची पिठाची गिरणी होती आणि मोटरीवरचा पट्टा बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पण पट्ट्यावर माणसाला चढवतात, आणि तो कितीही चालला तरी जागचा हलत नाही, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती.

"आता जरा चढ येईल हं. दांडीला नुसता हात टेकवा, लोंबकळू नका."

पट्टा पुढून वर उचलला गेला. गुणमालाला दम लागला. झग्याची मागची नाडी सुटली असावी असं तिला वाटत होतं आणि मागे डॉक्टर उभे होते. तरुण होते, तिच्या मुलीच्या, ब्राह्मीच्या वयाचे. त्यांचं लक्ष पडद्यावरच्या रेघांवर होतं हे तिला दिसत होतं, तरी तिने एक हात सोडून झगा मागून आवळून धरला.

"काकू, दोन्ही हात पुढं."

"छातीत दुखतंय का आता?" डॉक्टरांनी विचारलं.

दुखत होतं की नाही हे तिला सांगता येईना. गेले दोन महिने डाव्या बाजूला काहीतरी धरल्यासारखं व्हायचं, गिरणीत डबा वर उचलताना जास्त. आत्ता नुसता जीव घाबरा होता. पण एवढी माणसं तिच्यासाठी खोळंबली होती. काहीच होत नाही म्हणणं तिला बरं दिसेना.

"वाईच दुखतंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हात वर केला. पट्टा हळू होत थांबला.

बाहेर बाकावर तिचा नवरा धन्यकुमार मगदूम बसला होता, मांडीवर तिच्या साडीची पिशवी घेऊन. गावच्या सेवा सोसायटीत कारकुनी करून तो निवृत्त झाला होता. बोलायला मुळातच कमी. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेक, दिवसभर रान, सूर्य मावळायच्या आत जेवण, हा त्याचा दिवस. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की तपासणी पॉझिटिव्ह आहे. करोनापासून गावात ह्या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता. धन्यकुमारने पिशवी घट्ट धरली.

"घाबरायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाले. "ही तपासणी शंभर टक्के पक्की नसते. बायकांच्यात तर कधीकधी खोटीच पॉझिटिव्ह येते. म्हणून पुढच्या आठवड्यात सीटी अँजिओ करू. मांडीतनं तार घालायची नाही, काही नाही. हातातल्या शिरेतनं औषध सोडायचं आणि हृदयाच्या नळ्यांचे फोटो काढायचे. तोवर ह्या गोळ्या. आणि वजन उचलायचं नाही."

धन्यकुमारने त्यातलं 'पॉझिटिव्ह' आणि 'वजन उचलायचं नाही' एवढंच ऐकलं.

सांगलीहून परत येताना एसटीत त्याने तिला खिडकीची जागा दिली. मिरज मागे पडल्यावर त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं आणि तिच्यापुढे धरली.

"पितीस का?"

गुणमालाने बाटली घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ह्या माणसाने तिला कधी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, दारूचा तर प्रश्नच नव्हता. पण पाणी पितीस का, असंही कधी विचारलं नव्हतं. तहान नव्हती तरी ती अर्धी बाटली प्याली.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत धन्यकुमार उभा राहिला. आधी दोन दिवस पीठ जाडंभरडं पडलं. बायका कुरकुरल्या. मग त्याला दगड किती आवळायचा ते जमलं. गिरणी घराला लागूनच होती. गुणमाला सोप्यातल्या खाटेवर बसून आवाजावरून ओळखायची की आता शाळू चाललाय, आता गहू.

झुबेदा दळण टाकून तिच्याकडे आली. गल्लीच्या टोकाला घर, नवरा बांगड्या विकत गावोगाव फिरायचा.

"वैनी, दादांच्या मिशीत पीठ बसलंय, बघितलासा का?" ती हसत म्हणाली. "मला म्हंतायत, झुबेदा, तू डबा उचलू नको, तुला बी काय हुईल. मी म्हटलं, दादा, मला काय व्हायचं ऱ्हायलंय!" मग तिने आवाज खाली आणला. "लय जपत्यात वो तुमास्नी. आमच्यात मी मेले तरी पैला चहा कोन टाकनार म्हणून बघत्याल."

"व्हय गं," गुणमाला म्हणाली आणि तिला आतून गोड वाटलं. ते गोड वाटणं तिच्या लक्षात आलं. तिने मान फिरवून उगाच उशी नीट केली.

साताऱ्याहून ब्राह्मी येऊन गेली. तिथल्या एका शाळेत ती शिकवायची आणि सासरही तिथलंच. दोन दिवस राहून तिने आईला एक काम करू दिलं नाही. गेल्यावर रोज संध्याकाळी फोन. "आई, जेवलीस? गोळी घेतलीस? आप्पांना दे बघू." आणि आप्पा फोनवर सांगायचे, "मी हाय की. तू तुझं बघ." तो स्वतः कण्या शिजवायला शिकला. शाळूच्या कण्या, ताक घालून. पहिल्यांदा करपल्या. त्याने करपलेला भाग काढून स्वतःला घेतला आणि वरचा पांढरा तिला दिला.

एका संध्याकाळी तो खाटेशेजारी जमिनीवर बसून होता. मग म्हणाला, "लय दगदग झाली तुझी गिरणीत. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

ती रडली नाही. पण त्या रात्री तिने मनात म्हटलं, हे दुखणं लवकर बरं नाही झालं तरी चालेल. आणि असं आपल्याला वाटलं ह्याची तिला लाज वाटली.

सीटी अँजिओच्या दिवशी सांगलीत तिला आधी नाडी हळू व्हायची गोळी दिली, मग जिभेखाली एक. अरुंद फळीवर उताणी झोपवलं. डोक्यामागे हात. फळी एका मोठ्या गोल कड्यात सरकली. आतून रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. काचेपलीकडून कुणीतरी म्हणालं, "आता औषध जाईल. गरम वाटेल. घाबरू नका."

ऊब हातातून छातीत आली, पोटात उतरली, आणि तिथून खाली मांड्यांमध्ये पसरली. गुणमाला हादरली. आपण फळीवर लघवी केली अशी तिची खात्रीच झाली. ह्या वयात, परक्या पुरुषांपुढे. श्वास घ्या म्हटलं तरी तिने घेतला तो हुंदक्यासारखा. फळी बाहेर आल्यावर ती उठेचना.

"झालं मावशी. उठा."

"बाई कोन हाय का हितं?" तिने विचारलं.

एक नर्स आली. गुणमालाने तिच्या कानात सांगितलं. नर्सने फळी दाखवली, कोरडी होती. "सगळ्यांनाच तसं वाटतं," ती म्हणाली. "औषधाचं असतं ते." गुणमालाने हाताने साडी चाचपून बघितली आणि मग उठली. बाहेर धन्यकुमारने विचारलं, "तरास झाला का?" ती म्हणाली, "न्हाई." आणि एसटी मिळेपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही.

मध्ये रविवार गेला आणि सोमवारी दुपारी फोन आला.

गिरणी चालू होती, मग मधेच बंद झाली. तिची जेवायची वेळ झाली होती आणि तो स्वयंपाकघरात आला होता. फोन तिच्या उशाशी होता. डॉक्टर स्वतः बोलत होते.

"काकू, चांगली बातमी आहे. तुमच्या हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत. कुठं अडथळा नाही, कॅल्शियमसुद्धा साठलेलं नाही. पट्ट्यावर जे दिसलं ते खोटं होतं. होतं असं. तुमचं दुखतंय ते बरगडीच्या स्नायूचं. वजन जरा बेतानं उचला, शेक घ्या. सवडीनं येऊन जा, गोळ्या बंद करू. काकांना सांगा, काळजी मिटली."

"बरं," ती म्हणाली. "लय उपकार झाले."

तिने हात जोडायला हवे होते. नमोकार मंत्र म्हणायला हवा होता. पण बसलेला पाहुणा उठून चपला शोधायला लागला की जसं वाटतं, तसं तिला वाटलं. फोन हातात तसाच राहिला. दारातून धन्यकुमार आला. हातात कण्यांची वाटी, खाली चारपदरी घडी केलेलं फडकं. चालता चालता तो वाटीवर फुंकर घालून निववत होता. पीठ लागलेल्या भुवया वर करून त्याने विचारलं,

"कुणाचा फोन?"

"दवाखान्याचा," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने ठरवून उच्चारलं नाही. "रिपोर्टला अजून चार-आठ दिस लागत्याल म्हंत्यात."

"एवढं?" त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे काय तरी आसंल."

"तसं काय म्हनाले न्हाईत."

"तू खा. गरम हाय, सावकाश."

तिने खाल्ल्या. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. फक्त आजचा दिवस.

पण त्याच संध्याकाळी धन्यकुमारने भाऊसोला बोलावून घेतलं. भाऊसो त्याचा चुलतभाऊ, दोन घरं सोडून राहणारा. सांगलीच्या एका यात्रासंघाबरोबर धन्यकुमार शिखरजीला, जैनांच्या मोठ्या तीर्थाला, निघाला होता, येत्या गुरुवारी. आयुष्यात एकदा त्या डोंगराची वंदना व्हावी ही त्याची फार वर्षांची इच्छा. नोकरीत रजा नव्हती, मग ब्राह्मीचं लग्न, मग विहीर. आता कुठे योग आला होता. गेले सहा महिने तो रोज पहाटे अनवाणी माळावर चालून पाय तयार करत होता.

सोप्यातलं बोलणं आत माजघरात गुणमालाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"भाऊसो, माझ्या जागी तू जा. संघवाल्यांशी मी बोललोय."

"आरं पर असं कसं? रिपोर्ट येऊ दे की आधी."

"रिपोर्ट कवा येतोय कुनाला ठावं. आन् आला तर काय येतोय! हिला अशी टाकून डोंगर चढायचा म्हंजे वरती जाऊन मी कुनाचं नाव घेऊ? सारखं ध्यान हिकडंच ऱ्हानार."

"पुढच्या वर्साला जाऊ मग दोघं."

"पुढच्या वर्सी गुडघं सोबत देत्याल का बघायचं," धन्यकुमार म्हणाला आणि थोडासा हसला.

माजघर आणि सोपा ह्यांच्यामध्ये एक उंबरा होता. गुणमाला त्याच्याशी जाऊन उभी राहिली. आत्ता बाहेर जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण आता सांगायचं तर दुपारचं खोटंही सांगावं लागणार, आणि तेही भाऊसोपुढे. उद्या गावभर होईल की मगदुमाच्या बायकोने हार्टचं सोंग केलं. ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि भाऊसो उठून गेला. चपलांचा आवाज गल्लीत लांब जाईपर्यंत ती तिथेच होती.

मंगळवारी तिने सांगितलं नाही. बुधवारी धन्यकुमार आपली बांधून ठेवलेली पिशवी सोडत होता. गरम बंडी, बॅटरी, पूजेचं धोतर. बंडी त्याने भाऊसोसाठी वेगळी काढली. "त्येच्याकडं जाड न्हाई," म्हणाला. ती बघत होती. अजूनही वेळ होता. तिने दोनदा तोंड उघडलं. एकदा तो म्हणाला, "काय हवंय? पानी देऊ?" आणि तिने मान हलवली. त्याने पाणी आणून दिलं.

गुरुवारी तो मिरज स्टेशनपर्यंत भाऊसोला पोचवायला गेला, त्याचं सामान उचलून. संध्याकाळी परत आला तेव्हा कपाळाला गंध होतं, संघातल्या कुणीतरी लावलेलं. त्याने हातपाय धुतले, तिची विचारपूस केली आणि बस्तीत गेला. नेहमीपेक्षा उशिरा आला. जेवला नाही, सूर्य मावळून गेला होता.

शुक्रवारी ब्राह्मीचा फोन आला. "आई, एवढे दिवस रिपोर्ट नाही म्हणजे काय? उद्या मीच त्यांना फोन करते. आणि रविवारी येते."

"नको गं. येईल की."

"नको काय? मी विचारणारच."

म्हणून गुणमालाने शनिवारी सकाळी सांगितलं. पुढे कितीदा तरी तिने स्वतःला विचारलं, ब्राह्मीचा फोन आला नसता तर मी सांगितलं असतं का? प्रत्येक वेळी ती उत्तर न देताच दुसऱ्या कामाला लागायची.

गिरणी चालू होती. झुबेदाचा शाळू चालला होता, ती दळण टाकून घरी गेली होती. गुणमाला दारातून आत आली आणि पिठाच्या धुरळ्यात उभी राहिली.

"नळ्या स्वच्छ हायत्या," ती म्हणाली.

मोटरीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याने कानामागे हात धरला. ती पुन्हा म्हणाली. त्याने खटका पाडला. पट्टा सैल पडत थांबला आणि गिरणीत एकदम शांत झालं.

"काय म्हनालीस?"

शांततेत तेच पुन्हा म्हणणं फार अवघड होतं.

"नळ्या स्वच्छ हायत्या."

"कुठल्या नळ्या?"

"माझ्या. काळजाच्या. काय सुदिक न्हाई मला. बरगडीचं दुखनं हाय."

धन्यकुमारचा चेहरा असा उजळला की तिला तो बघवेना. त्याने पिठाचे हात जोडून कपाळाला लावले. कपाळ पांढरं झालं. "आगं मग लय बरं झालं की! देव पावला. आत्ताच आला फोन?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. त्यानेच वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती.

"न्हाई," ती म्हणाली. "सोमवारी आलता."

जोडलेले हात खाली यायला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावरचा आनंद लगेच गेला नाही, जायचं कुठे हे न कळल्यासारखा तसाच राहिला.

"सोमवारी तर भाऊसोला बोलावलं मी."

"व्हय."

"तू आतच हुतीस."

"व्हय."

तो शाळूच्या पोत्यावर बसला. "का गं?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिच्याकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच होतं, आणि ते किती लहान आहे हे तोंडातून निघताना तिला कळत होतं.

"तुमी कण्या निववत हुता," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग खाली पिठाकडे. मग तो उठला, म्हणाला, "झुबेदाचं दळान अर्धं ऱ्हायलंय," आणि त्याने खटका वर केला.

दुपारनंतर गिरणी तिने सांभाळली. त्याने तसं सांगितलं नाही, पण तो रानात निघून गेला, आणि संध्याकाळचं दळण घेऊन बायका आल्या तेव्हा दारात तीच होती. डबा उचलताना डावी बाजू दुखली. आता ते नुसतं दुखणं होतं, त्याला कुणी विचारणारं नव्हतं.

ब्राह्मीला तिने फोन करून सगळं सांगितलं. ब्राह्मी आधी आनंदाने ओरडली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे आप्पांनी शिखरजी... आई, तुला माहीत होतं आणि तू..." थोड्या वेळाने म्हणाली, "बरं. जप." रविवारी ती आली नाही.

घरात भांडण झालं नाही. धन्यकुमार वेळेवर जेवायचा, ताट बाजूला ठेवायचा, बस्तीत जायचा. आधीही तो असाच होता. पण आधीचं गप्प राहणं आणि हे गप्प राहणं ह्यांत फरक होता आणि तो दोघांनाच कळत होता. एकदा जेवता जेवता, घास हातात धरून त्याने विचारलं,

"तुला यायचं हुतं का शिखरजीला?"

गुणमाला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. संघात जोडपी होती. त्याचं नाव देताना गिरणी कोण बघणार, म्हशीची धार कोण काढणार, ह्यावर बोलणंच झालं नव्हतं. ती घरी राहणार हे धरूनच सगळं ठरलं होतं.

"मला कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. विचारलं म्हणून सांगितलं.

"व्हय," तो म्हणाला. "न्हाई इचारलं." आणि घास तोंडात घातला.

संघ परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो आला, नवीन पांढरी टोपी घालून. पाय सुजले होते, पण माणूस फुलून गेला होता. गुणमालाने तिघांसाठी चहा टाकला. भाऊसो बोलत राहिला. पहाटे अंधारात चढायला सुरुवात, अनवाणी, पोटात पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या वाटेत उजाडलं. म्हाताऱ्या बायका डोलीत बसून चालल्या होत्या, पण भाऊसो डोलीत बसला नाही.

"थंडी हुती का?" धन्यकुमारने विचारलं.

"तुझी बंडी हुती म्हणून वाचलो बघ."

"धुकं?"

"खालच्या अंगाला. पार्श्वनाथाच्या टोंकेवर, पार वरच्या देवळाशी पोचलो तर ढग खाली आनि आपन वर. काय सांगू गड्या! मान्सं रडत हुती उभ्या उभ्या."

"आन् चरणं? दगडातल्या पावलांस्नी हात लावू देत्यात का?"

"माथा टेकवला मी. तुझ्या नावानं बी टेकवला."

धन्यकुमार मान हलवत ऐकत होता. एखाद्या वाटेचं वळण नीट समजून घ्यावं तसा मधूनच विचारत होता. टोंका लांब लांब आहेत का, उतरताना गुडघ्यावर भार येतो का, पाणी कुठे मिळतं. गुणमाला चुलीकडच्या भिंतीला टेकून बसली होती. त्याच्या एकेका प्रश्नासरशी तिची मान खाली जात होती.

बोलता बोलता भाऊसोला आठवण झाली. तो तिच्याकडे वळला.

"आरं, माझंच चालवलंय मी. वैनी, तब्येत कशी हाय? आला का रिपोर्ट?"

गुणमालाने तोंड उघडलं. आता गावाला कळणारच होतं. भाऊसोचं तोंड म्हणजे चावडी. तिने मनाशी ठरवलं की खरं तेच सांगायचं, पण शब्द जुळवायच्या आधीच धन्यकुमार बोलला.

"आला. तू गेल्यावर आला," तो म्हणाला. "बरी हाय आता. पर अजून जपाय पायजे."

तो भाऊसोकडे बघत नव्हता आणि तिच्याकडेही नाही. समोरच्या अंगणाकडे बघत त्याने ते सांगितलं. व्रतं घेतलेला माणूस. सोसायटीत तीस वर्षं कारकून होता, पण खोटं बोलला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. गुणमालाला ते बसल्या जागेवरून दिसत होते.

"बेस झालं," भाऊसो म्हणाला. "वैनी, असा मानूस मिळाय नशीब लागतंय बघ. डोंगर सोडला गड्यानं तुज्यासाठी."

"व्हय," गुणमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

भाऊसो उठला. जय जिनेंद्र करून, पाय ओढत, सुजलेल्या पायांचं कौतुक करत गेला. अंगणात त्याला दुसरं कुणी भेटलं आणि त्याने डोंगर पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.

धन्यकुमार उठला. त्याने भाऊसोचा कप उचलला, आपला उचलला. मोरीकडे जाता जाता तो तिच्यापुढे थांबला. तिच्या कपात चहा तसाच होता, वर साय धरलेली. तिचं पिऊन व्हायची वाट बघत, मोकळा हात पुढे करून तो तसाच उभा राहिला.

तिने कप तोंडाला लावला. चहा गार झाला होता, तरी ती तो सावकाश पीत राहिली.